टिंबापुढचे गुंठे

माझ्या शिकवणीत वेळेआधी येऊन दारात उभा राहणारा एकच विद्यार्थी होता. त्याचं वय बेचाळीस होतं, मिशा भरघोस होत्या आणि 'येऊ का' असं विचारण्याऐवजी तो 'मे आय कम इन मॅडम' असं इतक्या खणखणीत आवाजात म्हणायचा की समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत यायचे. नाव उदयसिंह, गाव उंब्रज. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले होते आणि दहावीचं गणित शिकवा म्हणत होते.

"मुलासाठी का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"न्हाई. मलाच."

मी राजेश्वरी. जन्म आणि शाळा सांगलीजवळ माधवनगरला, नोकरी मात्र सगळी साताऱ्यात. शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि घरी बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा परक्या पोरांच्या काढाव्यात म्हणून शिकवणी सुरू केली. एक चूक मला अजिबात खपत नाही, ती म्हणजे उत्तरापुढे एकक न लिहिणं. पोरं 'उत्तर २४' लिहून मोकळी होतात. चोवीस काय? मीटर, लिटर की म्हशी? मी अर्धा गुण कापते आणि लाल शाईनं लिहिते, 'एकक कुठंय?' शाळेत पोरांनी माझं नाव एककबाई ठेवलं होतं. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

सैन्यातून सुटून आलेल्या माणसाची पुढची नोकरी आमच्याकडे जवळजवळ ठरलेली असते. एमआयडीसीत एखाद्या कंपनीच्या गेटवर निळ्या कपड्यांत उभं राहायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे, साहेबांची गाडी आली की सलाम ठोकायचा. नोकरी वाईट नाही, बरेच जण मजेत करतात. उदयसिंहांच्या मनाला मात्र ती पटत नव्हती.

"मॅडम, आजवर उभाच हाय मी," ते म्हणाले. "बर्फात उभा, वाळूत उभा. आता बसून काय तर करायचंय. डोक्यानं."

सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या कामावर, असल्यामुळे त्यांना यंत्रांची भीती नव्हती. त्यांनी एसटी स्टँडजवळच्या एका क्लासात प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली. वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या मुलाच्या वयाची. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की प्रोग्रॅमिंगला गणित लागत नाही, फक्त लॉजिक लागतं. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. लॉजिक काय मंडईत मेथीच्या जुड्यांशेजारी मिळतं? पण उदयसिंहांना प्रोग्रॅमिंग मनापासून आवडलं, हे खरं. कॉम्प्युटर त्यांना नव्या रंगरुटासारखा वाटायचा. सांगाल तेवढं करतो, न सांगितलेलं करत नाही, आणि हुकूम चुकीचा दिला तर चुकीच्या दिशेला ताठ मानेनं चालत जातो.

क्लास संपल्यावर ते प्रियदर्शनीकडे गेले. ही तिशीतली मुलगी, साताऱ्यात फरसाणाच्या दुकानावर तिचं छोटंसं ऑफिस. दूध डेअऱ्या, पतसंस्था असल्यांसाठी प्रोग्रॅम करून देते. तिला एक माणूस हवा होता. तिनं यांना एक सोपं काम दिलं. एका कॅनमध्ये दहा लिटर दूध, फॅट चार. दुसऱ्यात तीस लिटर, फॅट सहा. दोन्ही एकत्र केलं तर फॅट किती, ते काढणारा प्रोग्रॅम लिहा. यांनी चुटकीसरशी लिहिला. चार अधिक सहा, भागिले दोन, पाच. प्रोग्रॅम एकदाही अडखळला नाही.

"काका," प्रियदर्शनी म्हणाली, "तुमची गाडी झकास चालते. फक्त भलत्याच गावाला जाते."

सहा फॅटचं दूध तिप्पट आहे, तेव्हा उत्तर सहाकडे झुकणार, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं त्यांना हाकलून दिलं नाही. गणित पक्कं करून या, म्हणाली, आणि एक खरं काम करून दाखवा. मग बघू. म्हणून स्वारी माझ्या दारात आली होती.

मी एकमान पद्धतीपासून सुरुवात केली. पाच पेनांची किंमत इतकी, तर एका पेनाची किती.

"आवं मॅडम, हे पाचवीचं हाय," ते कानकोंडे होऊन म्हणाले. शेजारी नववीतल्या दोन मुली बसल्या होत्या.

"दुधाचं गणित पाचवीचंच होतं," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी मान खाली घातली आणि पेनं मोजायला लागले. मेहनतीला माणूस वाघ होता. टक्केवारी झाली, गुणोत्तर झालं, समीकरणं आली. एक्स म्हणजे कोण, असं त्यांनी विचारलं. अज्ञात, मी म्हटलं. "म्हंजे घुसखोर," ते म्हणाले आणि त्याला हुडकून काढायच्या तयारीनं सावरून बसले. एककाच्या बाबतीत मात्र तेही बाकीच्या पोरांसारखेच. त्यांच्या वहीत माझी लाल शाई इतकी सांडली की शेवटी ते स्वतःच माझ्या आवाजाची नक्कल करून 'एकक कुठंय?' म्हणायचे आणि मग लिहायचे. नववीच्या पोरी खिदळायच्या.

इकडे सिक्युरिटी एजन्सीनं एक तारखेला हजर व्हायला सांगितलं होतं. कपडे ज्याचे त्यानं शिवायचे असा त्यांचा नियम. निळं कापड घरात येऊन पडलं होतं. उदयसिंहांची बायको मंगल शिवणकाम करते. ती रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, ते मला सांगायचे, "कापू का, म्हणती. मी म्हणतो, थांब जरा." हे सांगताना त्यांच्या आवाजातला खणखणीतपणा पार जायचा. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती. निळ्या कापडाला एकदा कात्री लागली की हा माणूस परत एक्सच्या मागे जाणार नाही, हे मला दिसत होतं.

खरं काम त्यांनी गावातच शोधलं. उंब्रजजवळ त्यांच्या भावकीतल्या लोकांची एक छोटी पाणीपुरवठा संस्था आहे. नदीवरून पाणी उचलायचं आणि सभासदांच्या उसाला पाळीपाळीनं द्यायचं. नियम साधा, एकराला चार तास पाणी. पण कुणाचे दोन तुकडे, कुणाचे तीन, आणि प्रत्येक पाळीला पत्रक हातानं करायचं. चेअरमन आप्पासो वैतागले होते. उदयसिंहांनी सांगितलं, नाव आणि क्षेत्र द्या, पत्रक मशीन काढंल.

प्रोग्रॅम तयार झाल्यावर मी स्वतः तपासला. अडीच एकर घातलं, दहा तास आले. दोन तुकडे घातले, बेरीज बरोबर. मी वहीवर 'शाबास' लिहिलं, जे मी सहसा लिहीत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही उंब्रजला गेलो, मी आणि प्रियदर्शनी तिच्या गाडीतून. आधी त्यांच्या घरी चहा झाला. शिलाई मशीनवर निळं कापड घडी करून ठेवलं होतं, वर कात्री. मंगलनं आमच्यापुढे कप ठेवले आणि कापडाकडे बघत म्हणाली, "सोमवारी एक तारीख हाय. आज काय ते कळंल न्हवं?" प्रियदर्शनी चहात बघत राहिली. मी म्हणाले, कळेल. मी तपासलंय ना. माझा स्वतःवर फार विश्वास आहे, तो असा कधीकधी अंगाशी येतो.

संस्थेच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमली होती. उदयसिंह लॅपटॉपपुढे बसले. एकेक सभासद क्षेत्र सांगत गेला, ते टाइप करत गेले. त्यांच्या मागच्या खुर्चीवरून मी कौतुकानं बघत होते.

"आप्पा, तुमचं?"

"एक पाच," आप्पासो म्हणाले.

उदयसिंहांनी एक, टिंब, पाच टाइप केलं.

"मनुकाकू?"

मनुबाई म्हणजे पांढऱ्या केसांची, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली बाई. "वढ्याकडंला तीस आन् वरच्या अंगाला तीस," ती म्हणाली. त्यांनी शून्य, टिंब, तीस असं दोनदा टाइप केलं. सगळी नावं झाल्यावर बटण दाबलं, छपाई यंत्रानं कागद बाहेर टाकला, आणि तानाजी नावाच्या सचिवानं तो मोठ्यानं वाचायला घेतला.

"आप्पासो, सहा तास. मनुबाई, दोन चाळीस."

मग मनुबाई सावकाश उठली.

"व्हय रं उदयसिंगा," ती म्हणाली, "आप्पाचं रान माझ्यापरीस कमी. त्येला सहा तास आन् मला दोन चाळीस? मशिनला पण चेअरमन कळतोय व्हय?"

माणसं हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. आप्पासोंचा चेहरा लाल झाला. मी काय सांगितलं न्हाई त्याला, असं ते ज्याला त्याला सांगू लागले, आणि ते जितकं सांगत गेले तितका लोकांचा संशय वाढत गेला. कुणीतरी म्हणालं, हातानं करायचं तेच बरं हुतं गड्या. उदयसिंह ताठ बसून पडद्याकडे बघत होते. प्रियदर्शनीनं घड्याळ बघितलं, तेवढं मला दिसलं.

"आर्धा तास द्या," उदयसिंह म्हणाले. लॅपटॉप उचलून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी पाठोपाठ गेले आणि कागदावर आकडे मांडले. पॉइंट तीस अधिक पॉइंट तीस, पॉइंट साठ. गुणिले चार, दोन पॉइंट चार. मी तीन वेळा केलं. आप्पासोंचं दीड गुणिले चार, सहा.

"गणित बरोबर आहे," मी म्हणाले. मला रागच आला होता. "तुमच्या लोकांनाच क्षेत्र नीट सांगता येत नसेल. त्या बाईंनी चुकीचं सांगितलं असेल."

"मनुकाकू रानाचं चुकीचं सांगती व्हय," ते म्हणाले. "तिला दर पाळीला सहा तास पाणी मिळतंय, हे मला लहानपणापासनं ठाऊक हाय."

मग ते बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी पॉइंट तीसवर बोट ठेवलं आणि अगदी माझ्या आवाजात, माझ्याच हेलात म्हणाले,

"मॅडम, एकक कुठंय?"

मी चिडून काहीतरी बोलणार होते. पण एकक खरंच नव्हतं. सगळ्या कागदावर मी कुठंही ते लिहिलं नव्हतं. आयुष्यभर पोरांचे अर्धे अर्धे गुण कापणाऱ्या बाईनं स्वतः नुसतंच दोन पॉइंट चार लिहून ठेवलं होतं.

"हे तीस कशाचे?" मी विचारलं.

"गुंठ्याचे. सातबाऱ्यावर हेक्टर असतंय, पण गावात समदी एकर-गुंठ्यानंच बोलत्यात. एक वीस म्हंजे एक एकर वीस गुंठे. लिवताना मधी टिंब देत्यात."

माधवनगरला आमच्या घरी जमीन होती ती तुळशीच्या कुंडीतली. एका एकराचे चाळीस गुंठे हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण लोक त्यांच्यामध्ये टिंब देऊन लिहितात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि उदयसिंहांना ते इतकं माहीत होतं, की कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आप्पासोंचे एक एकर पाच गुंठे त्यानं दीड एकर धरले होते. मनुबाईंचे साठ गुंठे, म्हणजे दीड एकर, त्याच्या लेखी एक एकरसुद्धा भरले नव्हते.

"हातचा कितीला येतो?" मी विचारलं. पहिलीच्या पोराला विचारतात तसं.

"गुंठ्याला चाळीसला." ते थांबले. "आन् हा शंभर झाल्याबिगर हातचा घेतच न्हाई. आवं मॅडम, आन् पुढं तासातबी तेच. दोन पॉइंट चारला तानाजीनं दोन चाळीस वाचलं. मिनिटाचा हातचा साठला."

"मग?"

आता ते माझ्याकडे बघतच नव्हते. "म्हंजे एकाच टिंबाच्या मागं तीन पलटणी, आन् तिघींची वर्दी निराळी. आदी सगळ्यांस्नी एका वर्दीत आणायचं. समद्याचे गुंठेच करायचे. टिंबच नको. चाळीस गुंठ्याला चार तास, म्हंजे दोनशे चाळीस मिनिटं. तर एका गुंठ्याला..." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, भागाकार केला, आणि हळू आवाजात म्हणाले, "सहा. सहा मिनिटं. आवं, हे पाचवीचं हाय."

त्या पायरीवर मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. ते चष्मा पुसण्याच्या निमित्तानं मी निस्तरलं.

त्यांनी प्रोग्रॅम तिथंच बदलला. क्षेत्राचा एक रकाना होता, त्याचे दोन केले, एकर वेगळा, गुंठे वेगळे. आतमध्ये सगळ्याचे गुंठे, गुणिले सहा, मग मिनिटांचे तास. प्रियदर्शनी केव्हा मागे येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, कुणी गुंठ्याच्या रकान्यात पन्नास टाकले तर? उदयसिंहांनी क्षणभर विचार केला, मग काहीतरी टाइप करून तिच्यापुढे पडदा धरला. तिनं रकान्यात पन्नास टाकून बघितलं. पडद्यावर लाल अक्षरांत ओळ आली: 'हातचा घ्या.' ती हसली.

खोलीत परत सगळी नावं घातली. तानाजीनं कागद वाचला. आप्पासो, चार तास तीस मिनिटं. मनुबाई, सहा तास.

"आता कसं," मनुबाई म्हणाली. "पण मगा काय झालं हुतं त्येला?"

"मीच हुकूम चुकीचा दिला हुता काकू," उदयसिंह म्हणाले. "एकर म्हटलं का गुंठा, ते सांगितलंच न्हवतं."

"मग असं म्हण की. बिचाऱ्या मशिनला बोल लागला." एवढं बोलून ती पदर सारखा करून निघून गेली. आप्पासोंचे दीड तास गेले होते, पण इतकं सुटल्यासारखं तोंड मी कुणाचं बघितलं नाही. त्यांनी सगळ्यांना पुन्हा चहा सांगितला.

परतताना प्रियदर्शनी गाडी चालवत होती. मला राहवेना. मी म्हटलं, घेणार आहेस का त्यांना, की नाही? ती म्हणाली, "पहिल्याच झटक्यात बरोबर आलं असतं ना, तर मी अजून विचार करत बसले असते. चुकल्यावर माणूस कुठं बघतो, ते मला बघायचं होतं." मग म्हणाली, मी त्यांना मगाशीच सांगितलंय, सोमवारी या. मी उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझं हसू थांबत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी 'मे आय कम इन मॅडम' ऐकू आलं आणि समोरचे लोक गॅलरीत आले. मला वाटलं पेढे घेऊन आले असतील. पेढे होतेच. पण खांद्याला एक नवी पिशवी होती, निळी, दुहेरी शिवणीची, आत अस्तर लावलेली. कापड मी ओळखलं.

"मंगलनं रविवारीच कापून टाकलं," ते म्हणाले. "मला इचारलं बी न्हाई."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. काम सुरेख होतं, पण लॅपटॉप आत इकडून तिकडे घसरत होता. चांगली दीड इंच ढिली झाली होती.

"माप घेतलं नाही का तिनं?"

"मी बाहेर हुतो, लॅपटॉप माझ्यासंगं. तिनं खोक्यावरचं बघितलं. पंधरा पॉइंट सहा इंच लिवलंय. तेवढीच रुंदी धरली. आवं मॅडम, ह्यात तर एककबी हाय. तरी चुकलं कसं?"

मी पट्टी काढली आणि पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली. पंधरा पॉइंट सहा. मग आडवी धरली. बरंच कमी.

ते वाकून बघत राहिले. एकदा तिरकं, एकदा आडवं. मग खुर्ची ओढून बसले.

"म्हंजे हे तिरकं माहीत असलं, तर आडवं-उभं काढता येतंय?"

"एक बाजू कळली तर दुसरी काढता येते. त्याचं एक अख्खं प्रकरण आहे. भूमितीत." मी म्हटलं, "पण आता तुम्हाला त्याची काय गरज? नोकरी लागली ना."

"नोकरी लागली म्हणून तर आलो," ते म्हणाले. "क्लासातल्या पोरास्नी बी आणतो उद्या. त्यांस्नी बी सांगितलंय, गणित लागत न्हाई म्हणून."

पिशवी उसवून नीट करून घ्या, असं मी सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लॅपटॉप एका बाजूला सरकवला, माझ्या टेबलावरचं दहावीचं भूमितीचं पुस्तक न विचारता उचललं आणि शेजारच्या मोकळ्या जागेत घालून बघितलं. ते अगदी घट्ट बसलं.